घरापासून दूर पहिला शरद: गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत काय, केव्हा आणि कितीत

मी मूळची अंबाजोगाईची. २०२३ च्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्यात आले आणि कर्वेनगरला एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घरात राहू लागले. त्या वर्षीचा पावसाळा कसा गेला कळलंच नाही. गणपती गेले आणि मग एकामागून एक सगळं अंगावर आलं: नवरात्राचे उपास, कोजागरी, ऑफिसातल्यांबरोबर सहल, घरी जायची तिकिटं, फराळ, सगळ्यांचे कपडे, घरकामाच्या मावशींची दिवाळी. गावी हे सगळं आई-बाबा बघायचे. मी फक्त नवीन ड्रेस घालून फराळाचं ताट घेऊन शेजारी जायचे. त्या वर्षी दिवाळी संपली तेव्हा क्रेडिट कार्डावर वीस हजार थकले होते आणि ते फेडायला मला मार्च उजाडला.

आता तीन दिवाळ्या झाल्या. दर वर्षी नवीन नोकरीला लागलेलं कुणीतरी मला हेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. शरदातले खर्च, स्वयंपाक आणि फिरणं आपण वेगवेगळे मानतो, पण ते एकाच पगारातून आणि त्याच चार-पाच रविवारांतून निघतात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी तारखा, मग पैसे, मग प्रवास आणि शेवटी स्वयंपाकघर. मी पहिल्या वर्षी हे बरोबर उलटं केलं होतं.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

– भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर. मोबाइलमधल्यावर तिथी नीट दिसत नाहीत.
– एक साधी वही, फक्त या अडीच महिन्यांसाठी.
– ओळखपत्र, आणि रेल्वेच्या तिकीट खात्याला आधार जोडलेलं असणं. जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ तिकीट निघत नाही.
– गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि क्रेडिट कार्डाचं शेवटचं बिल.
– जाड बुडाची कढई, झारा, परात, कातणं, आणि घट्ट झाकणाचे तीन डबे. सोऱ्या (चकली पाडायचा साचा) लगेच विकत घेऊ नका. का ते पुढे येईल.

१. सगळ्यात आधी कॅलेंडरवर दोन तारखा गोल करा

एक लक्ष्मीपूजनाची आणि दुसरी तुमच्या पगाराची.

दिवाळी दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. पगार महिनाअखेरीला होणाऱ्या माणसासाठी या अठरा दिवसांनी सगळं बदलतं. २१ ऑक्टोबरची दिवाळी सप्टेंबरच्या पगारात करावी लागते, तर ८ नोव्हेंबरला ऑक्टोबरचा पगार खात्यात आलेला असतो. गेल्या वर्षी माझ्या ऑफिसात नव्याने लागलेल्या दोघांनी बोनस दिवाळीआधी येणारच असं धरून खरेदी केली. तो आला ऑक्टोबरच्या पगाराबरोबर, म्हणजे भाऊबीज होऊन गेल्यावर. तेव्हा लेखा विभागात सप्टेंबरातच सरळ विचारा: बोनस आहे का, कधी, आणि कर कापून हातात किती येईल. विचारायला लाजू नका. बोनस पगारातच धरला जातो आणि त्यावर कर लागतो, म्हणून पत्रावर छापलेला आकडा हाती येत नाही.

याच बसणीत आणखी तीन खुणा करा: घटस्थापना, कोजागरी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधले असे दोन दिवस की जेव्हा तुम्हाला आठवड्याच्या मध्ये सुट्टी काढता येईल. ते दोन दिवस फिरण्यासाठी.

२. वहीत खर्च आधी लिहा, नंतर करा

गेल्या वर्षीचं माझ्या वहीतलं पान जसंच्या तसं देते. माझा हातात येणारा पगार तेव्हा ३८,००० होता.

घरी जाणं-येणं ३,०००
घरच्यांचे कपडे ५,०००
फराळाचं सामान १,८००
मावशींची दिवाळी १,५००
ओवाळणी १,०००
कंदील, पणत्या, रांगोळी, उटणं ७००
कासची सहल १,५००
एकूण १४,५००

तुमचे आकडे वेगळे असतील, पण ओळी बहुतेक याच असतील. यातल्या दोन ओळी नवीन माणसाच्या ध्यानातच येत नाहीत.

पहिली, मावशींची दिवाळी. तुमच्याकडे भांडी-फरशीला किंवा पोळ्यांना कुणी येत असेल, तर दिवाळीला एका महिन्याचा पगार जास्तीचा देण्याची आपल्याकडे रीत आहे. घरात दोघी-तिघी राहत असाल तर आपसात वाटून घ्या. आणि ते पैसे वसुबारसेच्या आत द्या. त्यांनाही पोरांचे कपडे घ्यायचे असतात, फराळ करायचा असतो. पाडव्याला दिलेल्या पाकिटाचा त्यांना उपयोग काय? सोसायटीचा वॉचमन आणि कचरा नेणारे यांच्यासाठी थोडे सुटे पैसे वेगळे काढून ठेवा.

दुसरी ओळ ओवाळणीची. बहीण असाल तर ती येते, भाऊ असाल तर जाते. मोठ्या बहिणी मात्र धाकट्या भावंडांनाही काहीतरी देतात. ऐन वेळी एटीएमपुढे रांग असते. शंभराच्या कोऱ्या नोटा आठवडाभर आधी काढून ठेवा.

३. घरी जायचं तिकीट: गणपती यायच्या आधी

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (प्रवासाचा दिवस सोडून). पूर्वी १२० दिवस होते. नोव्हेंबर २०२४ पासून हे बदललं, आणि घरातल्या मोठ्यांना अजून जुनाच आकडा आठवतो. दिवाळीच्या गाड्या पहिल्या दिवशी सकाळी आठला उघडतात आणि काही मिनिटांत भरतात. २०२६ ची दिवाळी गाठायची तर सप्टेंबरचा पहिला आठवडाच धरायला हवा. जायचं आणि यायचं अशी दोन तिकिटं असतात. यायचं तिकीट दोन-तीन दिवसांनी उघडतं आणि तेच विसरलं जातं. माझंही पहिल्या वर्षी तेच झालं होतं.

तत्काळचा भरवसा धरू नका, पण वेळ माहीत असू द्या: गाडी सुटायच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी दहा, बिगर एसीसाठी अकरा.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. मला मराठवाड्यात जायला हाच सगळ्यात स्वस्त मार्ग पडतो. दिवाळीत जादा गाड्या सुटतात, त्यांचं आरक्षण थोडं उशिरा उघडतं, तेव्हा पहिल्या दिवशी नाही मिळालं तर पुन्हा बघा. खासगी ट्रॅव्हल्सचे दर धनत्रयोदशीच्या आसपास दुप्पट-तिप्पट सांगितले जातात. नियमाप्रमाणे त्यांना त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. कुणी मागितलं तर तिकिटाचा फोटो ठेवून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते.

४. कास बघून घ्या, पण शनिवार-रविवारी नको

शरदातली एकच सहल करायची असेल तर माझं मत कासला. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, बाराशे मीटर उंचीवरचं हे जांभ्या दगडाचं पठार. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. इथे ८५० च्या वर जातींच्या फुलझाडांची नोंद आहे.

जायच्या आधी एक गोष्ट कळली तर पाहण्यात फरक पडतो. जांभ्यावर मातीचा थर बोटभर, कुठे तेवढाही नाही. मोठं झाड तिथे मूळच धरू शकत नाही, म्हणून सगळा खेळ वीतभर उंचीच्या रोपांचा. ही माती निकस आहे. निळी-जांभळी सीतेची आसवं दिसतील, ती वनस्पती कीटकभक्षी आहे. जमिनीलगत असलेल्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते आणि मातीत जे मिळत नाही ते त्यांतून मिळवते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. दुरून रंगाचे पट्टे बघितले, फोटो काढले आणि परत फिरलो. दुसऱ्या वर्षी पायवाटेच्या कडेला उकिडवे बसलो आणि अर्धा तास एकाच जागी गेला. पांढऱ्या गोळ्यांसारखे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, आणि कवल्याची पिवळी फुलं, ज्यांना मुलं मिकी माउस म्हणतात. टोपली कारवी मात्र सात वर्षांनी फुलते, तेव्हा ती दिसली नाही म्हणून हिरमुसू नका.

काय करायचं ते क्रमाने:

ऑनलाइन नोंदणी आधी करा. रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे आणि वेळा ठरलेल्या असतात. शुल्क बदलत असतं, त्यामुळे ते नोंदणी करतानाच बघा. मोबाइलला तिथे रेंज नीट नसते, म्हणून नोंदणीची पावती उतरवून किंवा छापून न्या आणि सोबत ओळखपत्र ठेवा.

दिवस निवडा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा यातला, आणि तो मंगळवार ते गुरुवार यांपैकी असू द्या. पहिल्या वर्षी आम्ही रविवारी गेलो. साताऱ्यातून वर जाणाऱ्या रस्त्यावरच दोन तास मोडले, नोंदणी केलेली नव्हती, आणि पठारावर जेमतेम वीस मिनिटं मिळाली.

स्वारगेटहून साताऱ्याला एसटी सतत असतात. पहाटे सहाची पकडली तर साडेआठ-नऊला सातारा, तिथून कास किंवा बामणोलीकडे जाणारी गाडी. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारा.

छत्री नको, रेनकोट न्या. वर वारा असतो. बूट घाला. डबा आणि पाणी घरून न्या, आणि कागद-पिशव्या परत आणा. पायवाट सोडून फुलांत बसून फोटो काढणारे लोक दिसतील. तुम्ही तसं करू नका. फुलून गेलेल्या रोपांचं बी त्याच बोटभर मातीत पडायचं असतं आणि पुढच्या वर्षीची फुलं त्यातूनच येतात.

वेळ उरला तर सज्जनगड, आणि परत येताना साताऱ्यातून कंदी पेढे. बस एवढंच. एकाच दिवसात ठोसेघर, बामणोली आणि महाबळेश्वर कोंबू नका.

५. ऑक्टोबर हीट आणि रोजचा डबा

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढता पाय घेतो. आभाळ निरभ्र, ऊन थेट, आणि जमिनीत मात्र ओल, म्हणून दुपारी घामाघूम व्हायला होतं आणि पहाटे पांघरूण लागतं. ‘वैद्यानां शारदी माता’ असं जुनं वचन आहे. शरद ऋतू वैद्यांची आई, कारण पित्ताचे रोगी याच दिवसांत वाढतात. आणि नेमकं याच दिवसांत आपण उपासाला साबुदाणा, रात्री जागून गरबा, आणि सकाळी उपाशीपोटी चहा असं करतो.

मी डब्यात आणलेला बदल अगदी साधा आहे. मुगाच्या डाळीचं वरण, वर चमचाभर तूप, आणि पडवळ, दुधी, दोडका, लाल भोपळा यांपैकी काहीतरी. या भाज्या या दिवसांत स्वस्त असतात आणि वीस मिनिटांत होतात. शेंगदाण्याच्या ओल्या शेंगा बाजारात येतात. मीठ घालून कुकरला उकडल्या की संध्याकाळच्या भुकेला वडापाव आठवत नाही. सीताफळं ऑक्टोबरात भरपूर. आंबट ताक आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मी नवरात्र संपेपर्यंत कमी ठेवते.

उपासाच्या भगरीबद्दल मात्र गांभीर्याने सांगते. आमच्या मराठवाड्यात नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. दमट हवेत साठवलेल्या भगरीला बुरशी लागते आणि दळलेल्या पिठात ती कळतही नाही. म्हणून भगरीचं तयार पीठ आणू नका. सुटी भगर घेऊ नका. पाकीटबंद घ्या आणि त्यावरची तारीख बघा. दोन-तीन पाण्यांनी धुऊन, नीट शिजवून, ताजी खा. सकाळची भगर रात्री नको, आणि गेल्या वर्षीचं उरलेलं पाकीट टाकून द्या.

कोजागरीचं दूध: एक लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. बुडाला लागू नये म्हणून ढवळत राहा. साखर सहा-सात चमचे, बदाम-पिस्त्याची भरड, चारोळी, केशराच्या काड्या. वेलची आणि जायफळ गॅस बंद केल्यावर घाला, आणि जायफळ चिमूटभरच. माझी आई फोनवर दर वर्षी एकच वाक्य म्हणते, “अगं, घाई करू नको, दूध आटू दे.” त्या दिवशी संध्याकाळी दुकानात दूध मिळत नाही, सकाळीच आणून ठेवा.

६. फराळ: तीन पदार्थ स्वतः करा, बाकीचे विकत घ्या

नवीन घरात सगळा फराळ करायला जाऊ नका. चकली आणि अनारसे हे सवयीच्या हाताचे पदार्थ आहेत. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, दळून गूळ मिसळून पीठ मुरू द्यायचं, आणि एवढं करूनही तळताना अनारसा हसतो, म्हणजे तुपात पसरून विरघळतो. चकलीचं मोहन (पिठात घालायचं कडकडीत तेल) जरा जास्त झालं की तिचीही तीच गत, आणि कमी झालं तर ती दगड. हे दोन्ही पदार्थ मी गल्लीतल्या बचत गटाकडून घेते. त्यांना दसऱ्याच्या सुमारास सांगून ठेवावं लागतं, नंतर त्या ऑर्डर घेत नाहीत. सोऱ्या विकत घेऊ नका म्हटलं ते यासाठी. हौस असेल तर एखाद्या शेजारच्या काकूंकडून मागून आणा. बहुतेक त्या सोऱ्याबरोबर स्वतःही येतात, आणि त्यातूनच खरं शिकायला मिळतं.

तुम्ही करायचे ते शंकरपाळे, पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू. याच क्रमाने करा. शंकरपाळे सगळ्यात जास्त टिकतात, म्हणून आधी; लाडू शेवटी.

त्याआधी एक काम: सिलिंडर. एकच सिलिंडर असेल तर दसऱ्यानंतर लगेच दुसरा सांगून ठेवा. तळण अर्ध्यावर असताना गॅस संपला तर कढईतलं सगळं तेलकट होतं.

शंकरपाळे. एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध. साखर विरघळेपर्यंत कोमट करा, उकळू नका. पूर्ण गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा आणि चिमूटभर मीठ घालून घट्टसर मळा. अर्धा तास झाकून ठेवा. जाडसर लाटा, कातण्याने कापा. आच मंदाच्या थोडी वर ठेवा. तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि आतून कच्चे राहतात, तापलंच नाही तर तेलात विरघळू लागतात. म्हणून आधी दोनच टाकून बघा. झाऱ्याने काढताना ते अजून मऊ असतात. घाबरून पुन्हा तळू नका, गार झाले की खुसखुशीत होतात.

चिवडा. पातळ पोहे अर्धा किलो, शेंगदाणे एक वाटी, डाळं एक वाटी, सुक्या खोबऱ्याचे काप अर्धी वाटी, आठ-दहा हिरव्या मिरच्या, मूठभर कढीपत्ता, पाऊण वाटी तेल, मोहरी, हिंग, हळद, मीठ, तीन चमचे पिठीसाखर. पोहे चाळून घ्या आणि दिवसभर कडक उन्हात ठेवा. ऑक्टोबरचं ऊन इथे कामाला येतं. ऊन नसेल तर मंद आचेवर दोन-तीन वेळा थोडे थोडे करून भाजा, दोन बोटांत चुरडले पाहिजेत. फोडणीत आधी शेंगदाणे, मग खोबरं, डाळं. मिरची आणि कढीपत्ता शेवटी पण पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत. चिवडा मऊ पडतो तो नव्वद टक्के वेळा या दोन्हींतल्या ओलाव्याने. म्हणून ते आदल्या रात्री धुऊन, पुसून, कापडावर पसरून ठेवा. मीठ आणि साखर गॅस बंद करून घाला. पोहे हलक्या हाताने खालून वर करा, झारा दाबून फिरवला की त्यांचा चुरा होतो. पूर्ण गार होण्याआधी डबा बंद करू नका.

बेसनाचे लाडू. जाडसर बेसन दोन वाट्या, तूप पाऊण ते एक वाटी, पिठीसाखर सव्वा वाटी, वेलची. यात कौशल्य काही नाही, फक्त धीर लागतो. बेसन मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं भाजावं लागतं आणि त्यात हात थांबता कामा नये. आधी ते घट्ट गोळ्यासारखं होतं, मग हळूहळू सैल होतं आणि तूप सोडू लागतं. घरभर वास सुटतो तेव्हा झालं असं वाटतं, पण अजून पाच मिनिटं भाजा, रंग बदामी होऊ द्या. मग चमचाभर दुधाचा हबका मारा. ते फसफसतं आणि बेसन रवाळ होतं. गॅस बंद. आणि आता थांबा. मी पहिल्या वर्षी गरम बेसनात साखर घातली. ती विरघळली आणि लाडवांऐवजी परातभर पातळ चिखल झाला. हाताला कोमट लागेल इतकं निवलं की मगच साखर घाला, मळा आणि वळा. तरीही सैल वाटलं तर परात तासभर तशीच ठेवा, तूप थिजलं की लाडू वळले जातात.

तळणीचं तेल गाळून आठवड्यात भाजी-फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका. आणि पहिला डबा मावशींना द्या.

७. बोनस आला की त्याला कुठे पाठवायचं

कार्डावर थकबाकी असेल तर बोनस आधी तिकडे. हिशोब बघा. वीस हजार थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याला ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२६. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून हजार-दीड हजार छापलेले असतात. तुम्ही हजार भरले तर मुद्दल जेमतेम पावणेदोनशेने कमी होतं. मी तीन महिने तेवढेच भरत होते आणि बाकी का हलत नाही हे मला कळत नव्हतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी दिसली की दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: एकरकमी दिले तर कितीला द्याल? पुष्कळदा रोखीची सूट हप्त्यांवर मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा, मग ठरवा.

दिवाळीत ओळखीतलं कुणीतरी फराळाला येतं आणि ‘कर वाचेल’ म्हणून विम्याची पॉलिसी पुढे करतं. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल (स्वतःहून काही निवडलं नसेल तर तीच लागू असते), तर त्या हप्त्यावर करात वजावट मिळतच नाही. विमा लागत असेल तर जरूर घ्या, पण तो सणाच्या दिवशी, संकोचात, सही करून घेऊ नका. “बाबांना विचारून सांगते” हे वाक्य इथे फार उपयोगी आहे.

सोनं. दसरा आणि पाडवा दोन्ही मुहूर्ताचे, आई आग्रह करतेच. घ्यायचंच असेल तर दागिना आणि गुंतवणूक यांत गल्लत करू नका. बिलात तीन ओळी असतात: सोन्याचा भाव गुणिले वजन, घडणावळ, आणि वर जीएसटी. विकायला गेलात तर घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ अशी जाहिरात असेल तर मुळात घडणावळ किती टक्के ते आधी विचारा. साठवणीसाठी घ्यायचं असेल तर एक ग्रॅमचं साधं नाणं बरं. दागिन्यावर हॉलमार्कचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेट म्हणजे ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असायलाच हवा. एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो क्रमांक दुकानातच टाकून बघा, आणि पक्कं बिल घ्या.

कर्ज काढून सोनं घेऊ नका. दसऱ्याला आपट्याची पानं दिली तरी सोनं दिल्यासारखंच असतं. मी पहिली दोन वर्षं तेवढंच दिलं आणि घरी कुणालाही त्यात काही कमी वाटलं नाही.

८. दिवाळी झाल्यावर एक किल्ला

गावाहून परत आलं की घर फार रिकामं वाटतं. त्या आठवड्यासाठी मी लोहगड राखून ठेवते. पुण्याहून लोणावळ्याच्या पहिल्या लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावाच्या बाजूने दोन-अडीच तास चालत लोहगडवाडी, तिथून पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापाठोपाठ लागतात. वर विंचूकाट्यावर वाळलेलं सोनेरी गवत आणि समोर पवनेचं पाणी. लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक आहे.

दोन-तीन लिटर पाणी, टोपी, उरलेला चिवडा. अत्तर किंवा डिओ लावू नका आणि काही पेटवू नका, कडेकपारीत आग्या मोहोळं असतात. दुपारी लोकल कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत.

९. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात पुढची दिवाळी सुरू करा

वही पुन्हा उघडा आणि ठरवलेल्या आकड्यांसमोर प्रत्यक्ष झालेले लिहा. माझं कपड्यांत दर वर्षी जास्त जातं, फराळात उरतं.

मग तेवढ्या रकमेची आवर्ती ठेव (दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची ठेव, आरडी) सुरू करा. इथे मी एकदा फसले होते. बारा महिन्यांची ठेव नोव्हेंबरअखेर उघडली आणि ती सुटली पुढची दिवाळी होऊन गेल्यावर. २०२७ ची दिवाळी तर २९ ऑक्टोबरलाच आहे. म्हणून नऊ महिन्यांची घ्या: महिना १,६०० टाकले तर १४,४०० आणि वर थोडं व्याज, तेही गणपतीच्या आधी हातात. काही बँकांत किमान मुदतच बारा महिने असते. तसं असेल तर एक वेगळं बचत खातं उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी तिथे आपोआप रक्कम वळती होईल अशी सूचना बँकेला द्या, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका.

याच आठवड्यात आणखी एक तपासा. जुलैत आयकर विवरणपत्र भरायचं राहून गेलं असेल तर ते ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येतं. पगारातून कर कापला गेला असेल आणि परतावा निघत असेल, तर तो मिळायची हीच शेवटची संधी. पॅन, आधार, फॉर्म १६ (कापलेल्या कराचं कंपनीकडून मिळणारं प्रमाणपत्र) आणि बँकेचं व्याज प्रमाणपत्र एवढं हाताशी असलं की पगारदार माणसाला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.